टायरवरची खडूची खूण

सायकलच्या टायरवर खडूने खूण करायची, ती जिथे जमिनीला टेकते तिथे रेघ ओढायची आणि खूण पुन्हा खाली येईपर्यंत सायकल सरळ ढकलत न्यायची. तिथे दुसरी रेघ. दोन रेघांमधलं अंतर म्हणजे चाकाचा परीघ. व्यास 50 सेंटिमीटर असेल तर सूत्राने तो 157 सेंटिमीटर येतो. म्हणजे किलोमीटरला सुमारे 637 फेरे. मात्र मूल सीटवर बसल्यावर हेच मोजलं तर अंतर किंचित कमी भरतं, कारण वजनाने टायर दबतो. फळ्यावर हा फरक कधीच दिसत नाही. रस्त्यावर तो दिसतो आणि ‘असं का?’ हे मूल स्वतःहून विचारतं. त्या एका प्रश्नासाठी सायकलच्या फेरीला शाळेच्या अभ्यासात हक्काची जागा मिळायला हवी, असं मला ठामपणे वाटतं.

कारण तो प्रश्न गणितात थांबत नाही. शाळेत जाताना दहा मिनिटं लागतात आणि येताना पंधरा, याचं कारण चढात सापडतं. चढ शोधता शोधता ओढा, उतार आणि गाव नेमकं तिथेच का वसलं, इथवर मूल पोचतं. भराभर हवा भरताना पंपाचं टोक तापतं आणि पंक्चरवाल्याच्या घमेल्यात बुडवलेल्या ट्यूबमधून बुडबुडे येतात, हे तर सरळ विज्ञान. इतिहासही दूर नाही. डनलॉपने 1888 मध्ये हवेच्या टायरचं पेटंट घेतलं आणि त्याच वर्षी बेळगावात किर्लोस्कर बंधूंनी सायकलींचं दुकान काढलं. पुढे त्याच घराण्याने लोखंडी नांगर बनवले आणि 1910 मध्ये किर्लोस्करवाडी उभी केली.

शिक्षक म्हणतील, आधीच पोर्शन संपत नाही, त्यात हे कुठे बसवायचं? अडचण खरी आहे. पण हा जादा धडा नाही. परीघ, वेग, दाब हे पुस्तकात आहेच. हातातल्या कामातून सगळे विषय शिकवावेत, हा विचार वर्ध्याच्या 1937 च्या परिषदेत गांधीजींनी मांडलाच होता. रस्त्यावरच्या रहदारीची पालकांना वाटणारी भीतीही रास्त आहे. त्यासाठी शाळेचं मैदान पुरतं. दुसरीकडे, मानव विकास कार्यक्रमातून सायकली मिळालेल्या मागास तालुक्यांतल्या मुली रोज शाळेपर्यंतचं अंतर कापतातच, पण त्या अंतराची वर्गात कुणी साधी विचारपूसही करत नाही. सगळ्यात वजनदार आक्षेप वेगळाच आहे: खेळाचा गृहपाठ केला की खेळ मरतो. तो मला पूर्ण मान्य आहे. म्हणून एका फेरीला एकच प्रश्न, तोही मुलाने निवडलेला. वही नको आणि गुण तर नकोतच.

2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीसाठी दप्तराविना दहा दिवस सुचवले आहेत, स्थानिक कारागिरांकडून शिकण्यासाठी. मुख्याध्यापकांनी त्यातला एक दिवस सायकलला द्यावा आणि गावातल्या पंक्चरवाल्याला सन्मानाने वर्गात बोलवावं. अख्ख्या वर्गाला एक सायकल, एक टेप आणि खडूचा एक तुकडा पुरतो.