खोक्यातले वैद्यकीय पुस्तक

यवतमाळ जिल्ह्यात पावसाळ्यात घरोघर पोहोचणारे वैद्यकीय लेखन कुठल्याच प्रकाशकाच्या यादीत सापडत नाही. ते कीटकनाशकाच्या खोक्यात, बाटलीला लपेटून, घडीवर घडी घालून बसलेले असते. 1971 च्या कीटकनाशक नियमांनुसार या पत्रकात विषबाधेची लक्षणे, खबरदारी आणि प्रथमोपचार छापावेच लागतात. छापतातही. पण इतर भाषांच्या गर्दीत मराठीच्या वाट्याला येते एक चिंधी, आणि टाइप मुंगीएवढा. शिवाय खोके मालकाच्या घरी राहते आणि पंप मजुराच्या पाठीवर.

2017 च्या हंगामात याची किंमत जिल्ह्याने मोजली. कपाशीची पऱ्हाटी डोक्यावर गेली होती, फवारा वर धरला की औषध अंगावरच यायचे. वीसहून अधिक शेतकरी-मजूर दगावले, शेकडोंना दवाखाना गाठावा लागला. दोन-तीन औषधे एकत्र कालवून मारलेली. अशा वेळी ‘काय फवारलं?’ या प्रश्नाचे उत्तर डॉक्टरला नेमके हवे असते. प्रोफेनोफॉस, मोनोक्रोटोफॉस असेल तर ॲट्रोपिनचा आधार असतो. डायफेन्थियुरॉनला तर खास उताराच नाही, लक्षणे पाहून उपचार करत राहायचे.

कोकणातल्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात डॉ. हिम्मतराव बावस्करांनी विंचूदंशाच्या रुग्णांच्या उशाशी बसून नोंदी केल्या आणि 1982 मध्ये त्या ‘लॅन्सेट’मध्ये छापून आल्या. खेड्यातल्या दवाखान्यातून वैद्यकात भर घालता येते, हे तेव्हाच सिद्ध झाले. यवतमाळच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातल्या डॉक्टरांनी 2017 चा तो हंगाम वॉर्डात काढला आहे. त्यांनी शोधनिबंध जरूर लिहावेत, बढतीलाही उपयोगी पडतात. पण त्याआधी सोळा पानांचे एक मराठी पुस्तक लिहावे. ठळक टाइप, बाटल्यांची चित्रे. कपडे लगेच उतरवा, साबणाने अंग धुवा, बाटली नाहीतर खोके सोबत घेऊन दवाखाना गाठा, एवढे पहिल्याच पानावर. छापण्यापूर्वी ते फवारणी करणाऱ्या चार जणांना वाचून दाखवावे आणि जे त्यांना कळले नाही ते खोडावे. हे संपादन कुठल्याही तज्ज्ञ समितीपेक्षा कठोर ठरेल.

प्रकाशक शोधायला लांब जायला नको. नाशिकचे आरोग्य विज्ञान विद्यापीठ आणि अकोल्याचे कृषी विद्यापीठ मिळून हा खर्च सहज उचलू शकतात. राहिला वाटपाचा प्रश्न. कृषी सेवा केंद्रवाला बिलासोबत पुस्तक आपणहून देईलच असे नाही. परवान्याच्या अटीत घातले, तर मात्र देईल.