रंगवलेली डायल



यंदाच्या दशलक्षण पर्वात आमच्या घरी एका घड्याळावरून वाद झाला. माझा पुतण्या जुनी मनगटी घड्याळं घेतो-विकतो. त्यात फौजी घड्याळांना सध्या मागणी फार. एचएमटीचं जवान, त्याच्याही आधीचं वेस्ट एंड कंपनीचं सोवार प्राइमा (सोवार म्हणजे आपला स्वारच), आणि दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश सैन्यासाठी स्विस कंपन्यांनी केलेली, बाणाची खूण असलेली घड्याळं. आपल्या भागात फौजी घरं पुष्कळ, त्यामुळे एखाद्या ट्रंकेतून असं घड्याळ निघतंच.

त्याने माझ्यापुढे दोन घड्याळं ठेवली. एकाची डायल पिवळट, डागाळलेली. दुसरं काळंभोर, चकचकीत, वर मोठा बाण. मी अर्थातच दुसरं उचललं. तो हसला, "काकू, तेच तर रंगवलेलं आहे."

मग भिंग देऊन त्याने दाखवलं. मूळ छपाई बारीक आणि एकसारखी असते. रंगवलेल्या डायलवर अक्षरं जाड येतात, मिनिटांच्या रेघा आकड्यांसमोर नेमक्या बसत नाहीत. काट्यांवरचा चमकणारा लेप हिरवागार आणि डायलवरचा तपकिरी असला, तर काटे बदललेले असण्याची शक्यता मोठी. केस पॉलिश करून करून कडा गोल झाल्या की पाठीवरचे आकडे उथळ होतात. आणि जुन्या पाठीवर ताजा कोरलेला बाण असेल तर खाचेच्या कडा बोटाला लागतात. (एक सांगते. त्या काळातल्या लेपात रेडियम असायचं. चमक गेली तरी रेडियम तसंच राहतं. घरी घड्याळ उघडून खरवडू नका, नातवंडांच्या हातात देऊ नका.)

जोडतोड करून रंगवलेल्या अशा घड्याळांना परदेशातले शौकीन ‘मुंबई स्पेशल’ म्हणतात. ऐकून मला लाज वाटली. त्याहून वाईट म्हणजे ते काळं घड्याळ हा मुलगा ‘मूळ फौजी’ म्हणून विकणार होता.

त्याच आठवड्यात मंदिरात तत्त्वार्थसूत्राचा सातवा अध्याय झाला होता. अचौर्य अणुव्रताच्या पाच अतिचारांतला शेवटचा प्रतिरूपक व्यवहार, म्हणजे अस्सल म्हणून नक्कल खपवणं. आपण ते ऐकताना दुधातलं पाणी आणि तुपातला डालडा आठवतो. मी सरळ म्हटलं, "बाळा, हे त्यातच बसतं."

तो म्हणाला, गिऱ्हाइकालाच चकचकीत लागतं. शिवाय सैन्याच्या वर्कशॉपमध्येही डायल आणि काटे बदलले जायचेच. हे दुसरं खरं आहे. दुरुस्ती म्हणजे लबाडी नव्हे. आपण कोल्हापुरी साज पुन्हा गाठवून घेतो, तेव्हा तो खोटा होत नाही. पण जुन्या मण्यांत नवे मिसळून सगळा साज आजेसासूबाईंचा म्हणून विकला तर? मी बी.कॉम. झाले तेव्हापासून एकच ओळखते, जे आहे ते बिलावर लिहावं. आणि पॉलिश न केलेल्या, डागाळलेल्या घड्याळाला जाणकार जास्त पैसे देतात, हे त्यानेच मला सांगितलं होतं. म्हणजे इथे खोटेपणाची चटक अडाणी गिऱ्हाइकाच्या जिवावर चालते.

"फौजी वस्तूंचा शौक जैनांच्या घरी कशाला?" असं आमच्या जाऊबाईंचं म्हणणं. मला ते पटत नाही. घड्याळ काही शस्त्र नव्हे. माझा आक्षेप कपाटातल्या चाळीस घड्याळांना आहे, पण तो परिग्रहाचा विषय, पुन्हा कधी.

शेवटी त्याने बिलावर लिहिलं, "डायल नव्याने रंगवलेली, काटे बदललेले, बाण नंतर कोरलेला." गिऱ्हाइकाने वाचलं आणि घड्याळ परत दिलं. पुतण्या पंधरा दिवस माझ्याशी बोलला नाही. दिवाळीत फराळाला आला, चकल्या खाल्ल्या, घड्याळांचा विषय काढला नाही. मीही काढला नाही. ते काळं घड्याळ अजून त्याच्या खणात आहे, बिलासकट.