एक नाणे, अनेक तिजोऱ्या

ऐतिहासिक कादंबऱ्यांवरील चर्चेत मराठेशाहीच्या अस्ताविषयी एक हळहळ अधूनमधून ऐकू येते: पेशवे, शिंदे, होळकर, गायकवाड आणि नागपूरकर भोसले यांनी मिळून एकच रुपया पाडला असता, तर सत्ता दुभंगली नसती. ही हळहळ आम्हांस मान्य नाही. तीत कार्य आणि कारण यांची अदलाबदल झाली आहे.

नाममात्र सामाईक नाणे त्या काळी होतेच. पुण्याकडील अंकुशी, चांदवडचा चांदवडी, शिंद्यांचे व होळकरांचे रुपये हे बहुतांशी दिल्लीच्या बादशहाच्या, पुष्कळदा शाह आलमच्या, नावाने पाडले जात. नाव एकाचे, टांकसाळी अनेकांच्या; चांदीच्या कसाची हमी मात्र सर्वांच्या वतीने कोणीच देत नसे. म्हणून रुपया परमुलखात गेला, की सराफ तो पारखून बट्टा कापी. बट्टा हा अविश्वासाचा रोकडा दर होता.

तो अविश्वास नाण्याने निर्माण केला नव्हता. २५ ऑक्टोबर १८०२ रोजी हडपसरजवळ यशवंतराव होळकरांनी शिंदे-पेशव्यांच्या फौजेचा पराभव केला. दुसऱ्या बाजीरावाने पुणे सोडले आणि ३१ डिसेंबरला वसईचा तह केला. रणांगणावर असे समोरासमोर ठाकलेले सरदार एकमेकांच्या तुटीचा भार उचलणार होते काय?

युरोपने चलन खरोखरच एक केले. १ जानेवारी २००२ रोजी युरोच्या नोटा व नाणी लोकांच्या हाती आली. हे यश लहान नव्हे. पण तिजोऱ्या वेगळ्याच राहिल्या. २०१० मध्ये ग्रीस कर्जात बुडाला, तेव्हा स्वतःच्या चलनाचे अवमूल्यन करण्याची सोय त्याला उरली नव्हती. मदतीच्या अटींचा भार वेतनांवर आणि निवृत्तिवेतनांवर पडला. बट्टा नाहीसा झाला नव्हता. तो नाण्यावरून माणसांवर सरकला होता.

कंपनीने १८३५ मध्ये एकसारखा रुपया आणलाच की, असा आक्षेप येईल. आणला, परंतु समानांच्या करारातून नव्हे, जेत्याच्या हुकमातून. त्या एकीची किंमत पुण्याने १८१८ सालीच मोजली होती.

तेव्हा प्रतिस्पर्धी राज्यांच्या सामाईक चलनाची भाषा कोणीही करो, नाण्यावर मुद्रा कोणाची हा प्रश्न दुय्यम होय. एकाची तिजोरी रिती झाली तर ती कोण भरणार, हा पहिला. आणि मराठेशाहीवरील कादंबरी शिकवताना तलवारीइतकेच सराफाच्या काट्याकडेही लक्ष द्यावे, असे आम्ही आग्रहाने म्हणतो. कोणाचा कोणावर किती विश्वास होता, हे त्या काट्याने नेमके तोलले आहे.