बारावीनंतरचा परदेश कुणासाठी?

बारावीचा निकाल जवळ आला की परदेशी शिक्षणाच्या जाहिराती सुरू होतात. कॉम्प्युटर सायन्सची पदवी थेट अमेरिकेतून, जर्मनीतून! जुईनगरच्या सिडको वसाहतीत राहणारी आपली एखादी हुशार मुलगी ती जाहिरात वाचते आणि ‘हे आपल्यासाठी नाही’ म्हणून पुढे जाते. मित्रहो, ‘आपल्यासाठी नाही’ हे कुणी ठरवले, याचा विचार आपण कधी करणार?

आधी शासनाची धोरणे पाहू. अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी महाराष्ट्राची राजर्षी शाहू महाराज परदेशी शिष्यवृत्ती आहे. जागा 75, त्याही पदव्युत्तर आणि पीएच.डी.साठीच. केंद्राची राष्ट्रीय परदेशी शिष्यवृत्ती 1954-55 पासून सुरू आहे, आज तिच्या 125 जागा आहेत. तिथेही पदवी अभ्यासक्रमाला प्रवेश नाही. म्हणजे अठराव्या वर्षी परदेशी शिकायला निघणाऱ्या आपल्या मुलांसाठी दोन्ही योजनांत एकही जागा नाही.

उरते बँकेचे शैक्षणिक कर्ज. साधारणपणे साडेसात लाखांच्या वर बँक तारण मागते. अमेरिकेतल्या खासगी विद्यापीठातली चार वर्षे कोटींच्या घरात जातात. घर, जमीन किंवा ठेव असलेल्याच्या मुलाला कर्ज मिळते. ज्यांच्या आज्याला गावात जमीन धरू दिली नाही, त्यांच्या नातवाने तारण कुठून आणायचे? गुणवत्तेच्या गप्पा मारणाऱ्यांनी तारणाला जात असते की नाही, हे एकदा सांगावे.

29 ऑक्टोबर 1942 रोजी मजूरमंत्री असलेल्या बाबासाहेबांनी व्हाइसरॉय लिनलिथगो यांना अस्पृश्यांच्या गाऱ्हाण्यांचे निवेदन दिले. त्यात विज्ञान व तंत्रशिक्षण घेणाऱ्या आपल्या विद्यार्थ्यांसाठी देशात वर्षाला 2 लाख आणि परदेशी विद्यापीठांसाठी वर्षाला 1 लाख रुपये त्यांनी मागितले. कला आणि कायद्याच्या शिक्षणापेक्षा विज्ञान-तंत्रज्ञानाच्या शिक्षणाने समाज अधिक पुढे जाईल, पण त्याचा खर्च आपल्या पालकांना झेपत नाही, ही त्यांची मांडणी होती. आज त्या तंत्रज्ञानाचे नाव कॉम्प्युटर सायन्स आहे. मागणी मात्र अर्धवटच राहिली.

आपल्यातलेच काही कार्यकर्ते म्हणतील, “इथे बी.टेक. करा, मग शिष्यवृत्तीवर एम.एस.ला जा. बाबासाहेबही बी.ए. होऊनच 1913 ला कोलंबियाला गेले.” या म्हणण्यात तथ्य आहे. बहुतेक मुलांसाठी हाच रस्ता शहाणपणाचा आहे. इथे पोस्ट मॅट्रिक शिष्यवृत्ती आहे, घर जवळ आहे. पण सवर्ण श्रीमंताच्या मुलासमोर दोन्ही रस्ते खुले आहेत, तो त्यातला एक निवडतो. आपल्या मुलासमोर एकच आहे. आणि हे अशक्य आहे असेही नाही. शेजारच्या कर्नाटकाने ‘प्रबुद्ध’ योजनेत अनुसूचित जाती-जमातींच्या विद्यार्थ्यांना परदेशी पदवीसाठीही मदत दिली. मग फुले-शाहू-आंबेडकरांचे नाव घेणाऱ्या महाराष्ट्राला काय अडचण आहे?

पैशाइतकाच मोठा अडथळा माहितीचा. एमआयटी, हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन ही विद्यापीठे परदेशी विद्यार्थ्याची ऐपत न पाहता प्रवेश ठरवतात आणि प्रवेश मिळाल्यास कुटुंबाला न झेपणारा खर्च स्वतः उचलतात. जागा फार थोड्या आणि स्पर्धा जगभरची, हे खरे. पण अर्जात नववीपासूनचे गुण लागतात आणि मुदत जानेवारीच्या सुरुवातीलाच संपते. आपल्या घरात चौकशी सुरू होते ती बोर्डाच्या निकालानंतर!

जर्मनीत बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिकवणी शुल्क नाही. पण नुसत्या बारावीवर थेट प्रवेश मिळत नाही. त्यासाठी भारतात पदवीचे एक वर्ष, जेईई अ‍ॅडव्हान्स्ड उत्तीर्ण किंवा तिथला पूर्वतयारीचा वर्ग लागतो. पदवीचे शिक्षण बहुधा जर्मन भाषेत असते. व्हिसासाठी वर्षाच्या खर्चाचे 11,904 युरो, म्हणजे दहा लाखांहून अधिक रुपये, खात्यात दाखवावे लागतात. एजंट ‘फी नाही’ एवढेच सांगतो, बाकीचे पैसे भरल्यावर कळते. म्हणून पालकांनो, एजंटच्या शब्दावर राहते घर गहाण टाकू नका.

आपल्या मागण्या स्पष्ट असल्या पाहिजेत. एक, सध्याच्या 75 जागांना हात न लावता विज्ञान-तंत्रज्ञानाच्या परदेशी पदवीसाठी वेगळ्या जागा द्या. दोन, प्रवेश मिळालेल्या विद्यार्थ्याच्या कर्जाला तारणाऐवजी शासनाची हमी द्या. तीन, ऐरोलीच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्मारकात ग्रंथालय आहेच, तिथे नववीपासूनच्या विद्यार्थ्यांसाठी परदेशी शिक्षणाचे मोफत मार्गदर्शन केंद्र सुरू करा. जुईनगरहून ऐरोलीला थेट लोकल आहे.

शासन ऐकेपर्यंत आपण काय करायचे? शिष्यवृत्तीवर परदेशी गेलेल्यांनी महिन्यातून एक तास वस्तीतल्या मुलांना ऑनलाइन द्यावा. मंडळांनी 14 एप्रिलच्या वर्गणीतून दोन-तीन मुलांची परीक्षा आणि अर्जाची फी भरावी. यंदा नववीत गेलेल्या मुलांपासून सुरुवात करा. बाबासाहेबांनी 1942 साली मागितलेला हक्क मागायला आपल्याला कुणाची लाज वाटायचे कारण नाही.

जय भीम!