यंत्रे मोजली, आता तास मोजा

जिल्हा रुग्णालयात सीटी स्कॅन यंत्र बसले की शासनाच्या लेखी एक उद्दिष्ट पूर्ण होते. फीत कापली जाते आणि मासिक अहवालाच्या रकान्यात ‘कार्यान्वित’ हा शब्द उमटतो. असे रकाने वाचण्यात माझ्या सेवेची बरीच वर्षे गेली. पक्षाघाताच्या रुग्णाला त्या शब्दाचा उपयोग नसतो. यंत्र रात्री दोन वाजता चालू आहे काय, त्यावरचे चित्र वाचणारे कुणी जागे आहे काय आणि त्या वाचनानंतर पुढच्या तासाभरात काही घडणार आहे काय, एवढेच त्याच्या दृष्टीने महत्त्वाचे.

हात लुळा पडला, वाचा गेली, एवढ्यावरून मेंदूत रक्तस्राव झाला की रक्तवाहिनीत गुठळी अडकली, हे निष्णात डॉक्टरलाही खात्रीने सांगता येत नाही. गुठळी विरघळवणारे औषध रक्तस्रावाच्या रुग्णाला दिले तर त्याचा जीव जाऊ शकतो. म्हणून आधी चित्र आणि मग औषध. तेही लक्षणे सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आत. लिस्बनमध्ये एगास मोनिझ यांनी १९२७ मध्ये मेंदूच्या रक्तवाहिन्या क्ष-किरणांत प्रथम दृश्यमान केल्या. १९७१ मध्ये लंडनमध्ये गॉडफ्रे हाउन्सफिल्ड यांच्या यंत्राने कवटी न उघडता मेंदूचा छेद दाखवला. आज मानेपासून टाळूपर्यंतची सीटी अँजिओग्राफी काही मिनिटांत होते. मोठी वाहिनी नेमकी कुठे बंद आहे आणि मेंदूचा किती भाग अजून वाचवता येण्याजोगा आहे, हे प्रगत तपासणीतून कळते. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचण्यांनी दाखवून दिले की, चित्राच्या आधारे निवडलेल्या काही रुग्णांत नळीद्वारे गुठळी काढण्याचा उपचार चोवीस तासांपर्यंत लाभदायक ठरतो.

धोरणाच्या दृष्टीने या शेवटच्या वाक्याचे महत्त्व फार मोठे आहे आणि ते पुरेसे ओळखले गेलेले नाही. दूरच्या रुग्णासाठी दार अजून उघडे आहे, पण त्याची किल्ली चित्रात आहे. आणि ते चित्र रुग्ण जिथे पहिल्यांदा पोहोचतो तिथेच निघाले पाहिजे.

मी जबलपूरच्या सिव्हिल लाइन्समध्ये राहतो. येथून १९५५ साली स्थापन झालेले शासकीय वैद्यकीय महाविद्यालय अर्ध्या-पाऊण तासात गाठता येते. मंडल्याहून येणाऱ्याला सुमारे शंभर किलोमीटर पडतात, डिंडोरीहून (नाशिकची दिंडोरी नव्हे) दीडशेच्या जवळपास. मेंदूच्या गुंतागुंतीच्या उपचारांसाठी या भागातील माणूस आजही नागपूरकडे पाहतो. इतिहासाच्या विद्यार्थ्याला यात नवल वाटत नाही. १८१७ पर्यंत येथे नागपूरकर भोसल्यांचा अंमल होता. पुढे मध्य प्रांतात आणि १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपर्यंत नागपूर हीच या प्रदेशाची राजधानी. राजधानी भोपाळला गेली, माणसांचे पाय मात्र जुन्याच वाटेने चालत राहिले. ती वाट पावणेतीनशे किलोमीटरांची आहे. साडेचार तासांच्या हिशेबात ती बसत नाही. चित्र पाहून निवडलेल्या रुग्णाच्या चोवीस तासांत बसू शकते.

परंतु घडते वेगळेच. तालुक्याहून जिल्ह्याला, जिल्ह्याहून विभागाला आणि तेथून राज्याबाहेर, प्रत्येक ठिकाणी चिठ्ठी नवी आणि पुष्कळदा स्कॅनही नवा. माझ्या एका परिचिताच्या बाबतीत पहिल्या रुग्णालयातील फिल्म दुसऱ्याने ग्राह्य धरली नाही. तीच तपासणी पुन्हा होईपर्यंत दीड तास गेला. मोठी वाहिनी बंद असताना मिनिटाला सरासरी एकोणीस लाख चेतापेशी नष्ट होतात, असा वैद्यकशास्त्राचा हिशेब आहे. मध्य प्रदेशाने २०२४ मध्ये हवाई रुग्णवाहिका सुरू केली, हे स्वागतार्हच. पण कोणाला न्यायचे हे ठरवायलाही आधी चित्र लागते.

दुसरी उणीव विम्याच्या रचनेतली आहे. आयुष्मान भारत योजना २०१८ पासून कुटुंबाला वर्षाला पाच लाखांचे संरक्षण देते आणि राज्याची सीमा ओलांडूनही चालते. तथापि ती मुळात रुग्णालयात दाखल होणाऱ्यासाठी आहे. कित्येकांना मोठ्या झटक्यापूर्वी छोटा झटका येतो: वीस मिनिटे जीभ जड होते आणि मग सारे पूर्ववत. असा माणूस दाखल होत नाही, घरी जातो. वास्तविक त्याच्याच मानेच्या धमनीची डॉप्लर सोनोग्राफी तातडीने व्हायला हवी, कारण तेथे तीव्र अरुंदपणा सापडल्यास शस्त्रक्रियेने पुढचा झटका टाळता येतो. १९९१ च्या उत्तर अमेरिकेतील चाचणीत अशा रुग्णांत दोन वर्षांतील पक्षाघाताचे प्रमाण सव्वीस टक्क्यांवरून नऊवर आले. बाह्यरुग्ण म्हणून केलेल्या या तपासणीचा खर्च मात्र रुग्णाच्याच खिशातून. पांगळा झाल्यावर पैसे देणारी आणि त्याआधी न देणारी ही काटकसर मला समजत नाही.

उपाय परदेशात शोधण्याचे कारण नाही. हिमाचल प्रदेशासारख्या डोंगराळ राज्याने दशकभरापूर्वी सीटी असलेली जिल्हा रुग्णालये वैद्यकीय महाविद्यालयांतील मेंदूविकारतज्ज्ञांशी साध्या स्मार्टफोनने जोडली. तज्ज्ञ चित्र पाहून सल्ला देतात, औषध जागेवरच आणि मोफत दिले जाते. केंद्राच्या २०१५ च्या मोफत निदान उपक्रमातही जिल्हा पातळीवरील सीटी आणि दूरस्थ वाचनाची तरतूद आहे. कमतरता आहे ती रात्रपाळीच्या तंत्रज्ञाची, अँजिओग्राफीसाठी लागणाऱ्या कॉन्ट्रास्ट द्रव्याच्या अखंड पुरवठ्याची, आणि एका राज्याचे चित्र दुसऱ्या राज्यातील डॉक्टरने अधिकृतपणे वाचावे अशा व्यवस्थेची. मध्य प्रदेश आणि महाराष्ट्र यांच्यात जबलपूर, शिवनी, बालाघाट, छिंदवाडा आणि नागपूर यांच्यापुरता असा करार झाला तर तो रुग्णाच्या आधी नागपुरात चित्र पोहोचवील.

आणखी एक गोष्ट. २०१० साली सुरू झालेल्या राष्ट्रीय कार्यक्रमाच्या नावात कर्करोग, मधुमेह आणि हृदयविकार यांच्यासोबत पक्षाघात होता. २०२३ मध्ये ते नाव आटोपशीर करून केवळ ‘असंसर्गजन्य रोग’ असे झाले. शीर्षकातून गेलेली बाब अंदाजपत्रकात भिंग घेऊन शोधावी लागते, हा सचिवालयातील जुना अनुभव. निदान जिल्हा रुग्णालयांच्या मासिक अहवालात ‘कार्यान्वित’ या शब्दाशेजारी एक रकाना वाढवावा: रुग्ण दारात आल्यापासून स्कॅन वाचला जाईपर्यंत किती मिनिटे लागली, आणि त्यांतील किती रुग्ण रात्री आठनंतर आले होते.