आर-स्क्वेअर ०.९९... म्हणजे झालं का?

लिनिअर रिग्रेशनचं प्रॅक्टिकल झालं की आपण एकच आकडा बघतो. आर-स्क्वेअर किती आला? ०.९ च्या वर असला की सर खूश, सबमिशन ओके! माझा आक्षेप नेमका इथेच आहे.

सुट्टीत पाचोऱ्याला घरी असताना मी किराणा दुकानातल्या बिस्किटं, शेव, ओट्स अशा पाकिटांवरचे आकडे वहीत उतरवून घेतले. प्रथिनं, कर्बोदकं आणि फॅट यांवरून कॅलरी सांगणारं मॉडेल बसवलं. आर-स्क्वेअर ०.९९! गुणक जवळजवळ ४, ४ आणि ९. ग्रेट ना? अजिबात नाही! कारण पाकिटावरच्या कॅलरी बहुतेक वेळा ह्याच ४-४-९ च्या अ‍ॅटवॉटर सूत्राने काढलेल्या असतात. म्हणजे मॉडेलने नवीन काही शोधलं नाही, पाठ केलेलं म्हणून दाखवलं.

खरी माहिती असते ती रेसिड्युअल्समध्ये. मी कॉन्व्हेंटवाली, त्यामुळे मराठी शब्द सुचेना. मी त्याला 'उरलंसुरलं' म्हणते. फायबर जास्त असलेल्या पाकिटांवर रेषा चुकू शकते, कारण फायबरमधून ग्रॅममागे ४ नाही, साधारण २ च कॅलरी मिळतात. हे आर-स्क्वेअर कधीच सांगणार नाही.

आता उलटं बघा. मुलं किती खातात यावरून त्यांचं वजन सांगायला गेलं, तर आर-स्क्वेअर कमी येणारच. वय, आजारपण, खेळणं, सगळंच मध्ये येतं. म्हणून काय आहाराला महत्त्व नाही म्हणायचं?

हा नुसता मार्कांचा प्रश्न नाही. १९७१ मध्ये वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी माणशी रोज २२५० कॅलरी धरून देशातली गरिबी मोजली. संख्याशास्त्रज्ञ पां. वा. सुखात्मे यांचं म्हणणं होतं, की एकाच माणसाची गरजसुद्धा दिवसागणिक बदलते. सरासरीपेक्षा कमी खाणारा प्रत्येक जण कुपोषित नसतो. दांडेकरांना ते पटलं नाही. बरोबर कोण, यावर खूप वाद झाला. पण भांडण होतं ते सरासरीभोवती पसरलेल्या माणसांचं. भुकेल्यांत कोणाला मोजायचं, हे त्या पसाऱ्यावर ठरणार होतं!

१९७३ मध्ये अ‍ॅन्सकोम्बने चार डेटासेट दिले. चौघांची रेषा तीच, आर-स्क्वेअर तोच, ०.६७. ग्राफ काढले तर चारही वेगळे!

म्हणून म्हणते, आर-स्क्वेअर लिहा, पण शेजारी उरल्यासुरल्याचा ग्राफही काढा. आणि आकडे आले कुठून, हे आधी विचारा. पटतंय ना?