काढा चालेल, पण थायरॉइडची गोळी बंद नको



चाळिशी ओलांडली की पाळी मागेपुढे होते, रात्री घाम फुटतो, झोप उडते, चिडचिड होते. आपल्या महिला मंडळात यावर लगेच उपाय निघतात. कोणी शतावरी सांगतं, कोणी अश्वगंधा, कोणी जवस. माझा या औषधींना विरोध नाही. विरोध आहे तो "हे सुरू कर आणि ती थायरॉइडची गोळी सोड" या सल्ल्याला. आमच्या कशेळीतही तो सर्रास ऐकू येतो.

थायरॉइड मंद असणं आपल्याकडे दुर्मीळ नाही. मुंबई आणि गोव्यासह देशातल्या 8 शहरांत झालेला अभ्यास 2013 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात जवळजवळ 11 टक्के प्रौढांना हा त्रास आढळला आणि त्यात बायका जास्त होत्या. थकवा, वजन वाढणं, केस गळणं, पाळी बिघडणं ही लक्षणं दोन्हीकडे सारखीच. त्यामुळे कशामुळे काय होतंय ते अंदाजाने कळत नाही, टीएसएच तपासावाच लागतो.

अश्वगंधेने थायरॉइडचं हार्मोन वाढू शकतं. गोळी चालू असताना ती घेतली तर प्रमाण जास्त होऊन धडधड, हाताला कंप, झोप न लागणं सुरू होऊ शकतं. बाईला वाटतं पाळी जाण्याचा त्रास वाढला, म्हणून ती काढाही वाढवते! शिवाय हार्मोन फार दिवस जास्त राहिलं तर हाडं झिजतात, आणि पाळी गेल्यावर ती तशीही झिजायला लागतात.

आता आपल्या नियमांचं. गोळी रिकाम्या पोटी, नुसत्या पाण्याबरोबर घ्यायची आणि अर्धा ते एक तास काही खायचं-प्यायचं नाही. नवकारशी करणारीने सूर्योदयानंतर 48 मिनिटांनी पच्चक्खाण पाळून उकळलेल्या पाण्याबरोबर आधी गोळी घ्यावी, चहा नंतर. कॅल्शियम किंवा लोहाची गोळी त्यानंतर 4 तासांनी. जवस, सोयाबीनही गोळीपासून दूर ठेवा. अठ्ठाई किंवा वर्षीतप करायचं असेल तर गोळीचं काय करायचं ते डॉक्टरांना आणि गुरुमहाराजांना आधीच विचारा.

आणखी एक. अश्वगंधा हे मूळ आहे, शतावरीच्या तर कंदासारख्या मुळ्याच. कंदमूळ न खाणाऱ्या आपण ते चूर्ण म्हणून डोळे मिटून घेतो. कॅप्सूलचं कवचही पुष्कळदा जिलेटिनचं, म्हणजे प्राण्यांपासून केलेलं असतं. डबीवरचं वाचा, ठिपका बघा.

मी कॉमर्सवाली, मला हिशेब लिहिलेला लागतो. एका वहीत तारीख, पाळी, झोप, घाम, धडधड आणि नवीन काय सुरू केलं ते लिहा. एका वेळी एकच औषधी सुरू करा, तीही डॉक्टरांना सांगून. 6 ते 8 आठवड्यांनी टीएसएच पुन्हा तपासा. रक्तस्राव फार होत असेल, किंवा पाळी वर्षभर बंद राहून पुन्हा डाग दिसला, तर काढ्यावर थांबू नका, लगेच डॉक्टरांना दाखवा.

घरातल्या सगळ्यांच्या औषधांच्या वेळा आपल्याला पाठ असतात. त्या यादीत आता आपलंही नाव घाला.